बुचाचा फवारा आणि आपली पत्र्याची घरे
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



यंदाचा गाळप हंगाम आटोपला. गव्हाणीत शेवटची मोळी पडली, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या आणि आता उन्हाने अंगण भाजून निघते आहे. या दिवसांत या पानावर मी खोडव्याची निगा, पाचट, आडसालीची पूर्वतयारी अशा विषयांवर लिहीत असतो. यंदा विषय वेगळा आहे. तुम्ही म्हणाल, ऊस विकास अधिकाऱ्याला घराच्या भिंतींशी आणि पत्र्याशी काय देणेघेणे? देणे आहे, म्हणूनच लिहितो.

झाले असे. दिवाळीनंतर एका गटाच्या ऊस पीक मेळाव्यात उसाचे बोलणे संपले आणि चहा घेता घेता घरांचा विषय निघाला. माझ्या गावाकडच्या घराला २०२१ साली मी बुचाचा फवारा मारून घेतला आहे. त्याचे कौतुक करताना मी बोलून गेलो, "पावसाळ्यात भिंत कोरडी आणि उन्हाळ्यात घर गार!" यातला पहिला भाग खरा होता. दुसरा भाग मी कधी मोजून पाहिलेला नव्हता. बोलण्याच्या भरात गेला.

मार्च महिन्यात एक सभासद गट ऑफिसला आले. हातात फवारा मारणाऱ्या ठेकेदाराचा अंदाजपत्रकाचा कागद. पत्र्याच्या दोन खोल्या आणि गोठा, सगळ्यावर वरून फवारा. रक्कम बघितली तर उसाचा आलेला अख्खा हप्ता त्यात जात होता. घरात ऐंशीच्या पुढची आई. गेल्या मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली तिला भोवळ आली होती, दवाखान्यात सलाईन लावावे लागले होते. मला म्हणाले, "साहेब, तुम्ही मेळाव्यात सांगितलं म्हणून धाडस करतोय. आईला यंदा तरी दुपारची झोप लागली पाहिजे."

ते ऐकून मी गप्प झालो. दोन दिवस थांबा म्हणालो, आणि जे आधी करायला हवे होते ते नंतर केले. वाचले, आमच्या इंजिनिअरिंग विभागातील मंडळींना विचारले, कागद-पेन्सिल घेऊन हिशोब केला. त्यातून जे हाती आले ते सर्वांसमोर ठेवतो, कारण मेळाव्यात माझे बोलणे ऐकणारे ते एकटे नव्हते.

प्रथम बूच म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे रस्त्याकडेला उंच वाढणारे, रात्री पांढऱ्या लांब दांड्याच्या फुलांचा सडा घालणारे बुचाचे झाड आहे, ज्याला आकाशमोगरी म्हणतात, ते हे नव्हे. त्या झाडाची साल जाड व मऊ असते, पूर्वी खऱ्या बुचाच्या जागी ती हलके काम भागवीत असे, म्हणून त्याला ते नाव पडले. खरे बूच येते ओकच्या एका जातीपासून. ही झाडे पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जिरिया या भागांत वाढतात. जगातले जवळजवळ निम्मे बूच एकट्या पोर्तुगालमधून येते. गोव्यामुळे पोर्तुगाल आपल्या कानाला परके नाही, पण त्या देशाच्या दक्षिणेकडचा आलेंतेजो हा कोरडवाहू मुलूख आपल्याला ठाऊक नसतो. तिथे विरळ ओकची राने आहेत, झाडांखाली गुरे, मेंढ्या, डुकरे चरतात आणि वरून सालीचे उत्पन्न मिळते.

या पिकाची चाल ऐकली की आपल्या आडसालीचे अठरा महिने काहीच वाटत नाहीत. झाड लावल्यापासून सुमारे पंचवीस वर्षांनी पहिली साल निघते, आणि ती खडबडीत, बाटलीच्या बुचाला निकामी. मग नऊ वर्षे थांबायचे. दुसरी सालही तशीच बेताची. पुन्हा नऊ वर्षे. तिसऱ्या खेपेला, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर, उत्तम माल मिळतो. नऊ वर्षांच्या आत साल काढायला पोर्तुगालच्या कायद्याने बंदी आहे आणि परवानगीशिवाय झाड तोडताही येत नाही. ज्या वर्षी साल काढली त्या वर्षाचा शेवटचा आकडा खोडावर पांढऱ्या रंगाने लिहितात. २०२३ साली काढली असेल तर '३'. पुढची पाळी २०३२ साली. म्हणजे झाडावरच सात-बारा लिहिलेला!

काम उन्हाळ्यात, कुऱ्हाडीने, जोडीजोडीने चालते. साल सुटली पाहिजे पण आतल्या जिवंत थराला धार लागता कामा नये. लागली तर त्या जागी पुढे साल धरत नाही. आपल्याकडे जमिनीलगत तोड करणारा चांगला कोयतेवाला जसा हाताने ओळखतो, तसेच हे कसब आहे. आणि त्यांना मजुरीही शेतीकामातल्या चांगल्या दराने मिळते. आग्वाश द मौरा या गावाजवळ १७८३ साली लावलेले एक झाड आजही उभे आहे. आजवर वीसपेक्षा अधिक वेळा त्याची साल काढली गेली आहे. २०१८ साली युरोपातील त्या वर्षीचे झाड म्हणून त्याचा मान झाला.

आता ही साल उष्णता का अडवते? १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्याला मधाच्या पोळ्यासारखे बारीक कप्पे दिसले. 'पेशी' या अर्थाचा इंग्रजी शब्द त्याने तिथूनच रूढ केला. एका घन सेंटिमीटरमध्ये असे सुमारे चार कोटी कप्पे असतात, सगळे बंद, आणि आत मुख्यतः हवा. हवा वाहती असली तर उष्णता घेऊन जाते, कोंडून ठेवली तर तीच उष्णतेला अडवते. कप्प्यांच्या भिंती मेणचट द्रव्याच्या असल्याने पाणीही सहजी शिरत नाही.

हे तत्त्व आपल्याला नवीन नाही. खोडव्यात हेक्टरी आठ-दहा टन पाचट पसरा, जाळू नका, असे मी ओरडून सांगतो त्यामागे तेच आहे. पाचटाच्या पानापानांत हवा अडकते, खालची जमीन तापत नाही, ओल टिकते. पण एखाद्याने सरीत चार पाने टाकली आणि म्हणाला, "साहेब, पाचट केलं, तरी ओल गेली," तर त्याला आपण काय म्हणू? थर जाड पाहिजे, हेच म्हणू. बुचाच्या फवाऱ्याची सगळी गोम इथेच आहे, आणि माझी चूकही इथेच झाली.

बुचाचा उपयोग इमारतींसाठी फार जुना आहे. पोर्तुगालमध्ये सिंत्राच्या डोंगरात १५६० साली बांधलेला एक मठ आहे. दगडात कोरल्यासारख्या लहान लहान खोल्या, त्यांच्या दारांना आणि छतांना बुचाच्या सालीचे अस्तर, थंडी आणि ओल अडवायला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत असा शोध लागला की बुचाचे दाणे साच्यात घालून खूप तापवले तर ते फुगतात आणि स्वतःच्याच चिकट द्रव्याने एकमेकांना धरतात, बाहेरचा डिंक लागत नाही. त्या काळ्या फळ्या पुढे शीतगृहांच्या भिंतींना लागल्या. २००० साली जर्मनीत हॅनोव्हर येथे जागतिक प्रदर्शन भरले होते. तिथल्या पोर्तुगालच्या दालनाला बाहेरून बूच लावले होते. थोडक्यात, माल अस्सल आहे. त्याबद्दल शंका नको.

फवारा ही त्या मानाने अलीकडची चीज. बाटल्यांची बुचे कापून उरलेला चुरा बारीक दळतात, पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक राळेत कालवतात, रंग घालतात. मग कॉम्प्रेसरला जोडलेल्या बंदुकीने, जिच्या डोक्यावर नरसाळ्यासारखे भांडे असते, तो घट्ट लगदा भिंतीवर उडवतात. दोन हात मारायचे, दोन्ही मिळून जाडी २ ते ३ मिलिमीटर. वाळल्यावर भिंत बारीक रव्यासारखी दिसते आणि हात लावला तर किंचित मऊ, ऊबदार लागते. हा ऊबदार स्पर्शच माणसाला फसवतो. मला फसवले.

आता हिशोब. घाबरू नका, सोपा आहे. एखादा पदार्थ उष्णता किती सहज जाऊ देतो त्याचा एक आकडा असतो. बुचाचा साधारण ०.०४, विटेच्या भिंतीचा ०.७ च्या आसपास. म्हणजे एक इंच बूच हे सतरा इंच विटेच्या तोडीचे झाले. ऐकायला केवढे मोठे! ठेकेदार हेच वाक्य सांगतो आणि ते खोटे नाही. पण फवारा एक इंच नसतो, तीन मिलिमीटर असतो. तीन मिलिमीटर निव्वळ बूच म्हणजे सुमारे दोन इंच वीट. त्यात पुन्हा फवारा निव्वळ बूच नाही, त्यात राळ आहे, आणि राळ बुचाइतकी उष्णता अडवत नाही. म्हणजे दोन इंचांहूनही कमी. तुमची भिंत आधीच नऊ इंची असेल तर तिला आणखी इंच-दीड इंच वीट चिकटवल्यासारखे झाले. तेवढ्याने दुपारची झोप लागत नाही. उलट दोन इंच जाडीची बुचाची फळी लावली तर ती जवळजवळ तीन फूट विटेच्या भिंतीचे काम करील. दोन्ही वस्तूंचे नाव बूच, पण गुणात जमीन-अस्मानाचा फरक.

हे मी आमच्या बॉयलर विभागातील एका जुन्या फिटरला सांगत होतो. तो हसला आणि म्हणाला, "साहेब, वाफेच्या पाइपाला आपण लॅगिंग किती जाड करतो ते बघा की. तीन मिलिमीटरनं भागलं असतं तर रॉकवूलचे एवढे गठ्ठे कशाला आणले असते?" ज्या सभासदांनी कारखाना आतून पाहिला आहे त्यांना आठवेल, पाइपाभोवती जाड थर आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. इतकी वर्षे मी त्याखालून ये-जा करतो, पण माझ्या डोक्यात ते आले नाही.

मग माझ्या घराच्या भिंतीला गुण आला तो कशाने? नीट सांगतो, कारण फवाऱ्यावर अन्याय नको. माझी पश्चिमेची भिंत आडव्या पावसाने भिजायची. गिलाव्याला केसासारख्या चिरा होत्या, त्यांतून पाणी आत झिरपून आतला रंग पोपडे धरायचा. बुचाचा थर लवचिक असतो, भिंत उन्हाने फुगली-आकसली तरी तो चिरत नाही, त्या बारीक चिरा त्याखाली बुजून राहिल्या. बाहेरचे पाणी आत येत नाही पण भिंतीतली वाफ बाहेर जाऊ शकते. चार पावसाळे झाले, भिंत कोरडी आहे. हे काम तो उत्तम करतो. युरोपात जुन्या घरांच्या गिलाव्यावर तो मारतात तो मुख्यतः याच कामासाठी.

तरीही तिथे दोन फजित्या झाल्याच. जोत्याजवळचा हातभर पट्टा दुसऱ्याच वर्षी फुगून सुटला. कारण तिथली ओल पावसाची नव्हती, जमिनीतून वर चढणारी होती. आतून येणाऱ्या पाण्याला बाहेरचा थर काय करणार? आणि स्वयंपाकघराच्या पडवीवरचा पत्रा. ठेकेदाराने गंज न घासताच त्यावर फवारा मारला, मी गावी नव्हतो, कोणी उभे राहून पाहिले नाही. दोन पावसाळ्यांत भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून आला. शिवाय रंग निवडला होता विटकरी, शोभेला. विटकरी पत्रा ऊन गिळतो, ही गोष्ट शाळेतल्या पोराला समजते. मला समजली नाही.

पत्र्याचे गणित भिंतीपेक्षा निराळे आहे. उघड्या पत्र्याला स्वतःची अशी अडवणूक जवळजवळ नसतेच. मे महिन्याच्या दुपारी तो साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतो आणि खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर तव्यासारखा शेक देतो. त्यावर फवारा मारला तर थोडा फरक पडतो, पावसाचा ताडताड आवाज पुष्कळ कमी होतो, थंडीत पत्र्याला घाम सुटून खाली टिपके पडतात तेही कमी होतात. पण उन्हाळ्यात जो मोठा फरक जाणवतो तो बुचापेक्षा पांढऱ्या रंगाचा असतो. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो. तेलंगण सरकारने २०२३ साली छते थंड ठेवण्यासाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले, त्याचा गाभा हाच आहे. मग पांढऱ्या रंगाचे काम पांढऱ्या रंगाने का करू नये? उन्हाळी छताचा पांढरा रंग बुचाच्या फवाऱ्याच्या मानाने पुष्कळ स्वस्तात पडतो. स्लॅबवर चुन्याचे दोन हात दिले तरी चालते. पत्र्यावर मात्र नुसता चुना पहिल्याच पावसात वाहून जातो. रंगावर धूळ बसली की त्याचा गुण उतरतो, तेव्हा दर उन्हाळ्याच्या तोंडाला धुवून घ्यावा.

एक गोष्ट आवर्जून. तुमच्या घरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर फवाऱ्यासाठी किंवा रंगासाठी ते कोरडे घासू नका, मशीनने तर मुळीच नको. त्यात ॲस्बेस्टॉस असते, त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि आजार कित्येक वर्षांनी बाहेर पडतो.

दुसरा उपाय पत्र्याखाली छत घालण्याचा. पत्रा आणि छत यांमध्ये वीत-दीड वीत पोकळी ठेवायची आणि दोन्ही त्रिकोणी भिंतींना वर झरोके ठेवायचे, म्हणजे तापलेली हवा तिथूनच निघून जाते. छत कशाचे? ज्याला परवडेल त्याने उष्णतारोधक फळ्यांचे करावे, न परवडणाऱ्याने बांबूच्या तट्ट्यांचे. थर्माकोल स्वस्त मिळतो, पण चूल किंवा शेगडी असलेल्या खोलीत तो घालू नये, तो पेटतो आणि धूर विषारी असतो. आपल्याकडच्या माळवदाच्या घरांत वर हातभर पांढरी माती असायची. ते घर उशिरा तापायचे, उशिरा निवायचे, आणि दुपारी आत आजी घोरत पडलेली असायची. माळवदे पाडून आपण पत्रे चढवले, आणि आता त्या पत्र्यांवर काय मारावे हे शोधत फिरतो. असो.

फळ्यांवरून एक गोष्ट आठवली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. उष्णता अडवणाऱ्या फळ्या करायला बूचच लागते असे नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेतील लुइझियाना या उसाच्या राज्यात, मरेरो या गावी, बगॅसपासून अशा फळ्या करण्याचा मोठा कारखाना उभा राहिला होता. 'सेलोटेक्स' या नावाने त्या फळ्या विकल्या जात आणि तिथल्या असंख्य घरांच्या भिंतींत बसल्या. म्हणजे आपण ज्याला चिपाड म्हणतो त्याचेच बूच केले होते त्यांनी! आपल्याकडे बगॅसला आता सहवीजनिर्मितीचा बॉयलर खातो आणि त्यातून कारखान्याला उत्पन्न मिळते, तेव्हा फळ्या करा असे मी म्हणणार नाही. पण तंतूंमध्ये हवा कोंडण्याचा गुण उसातही आहे, एवढे ध्यानात असावे.

आता त्या सभासदांचे काय झाले ते. तिसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांच्या वस्तीवर गेलो. मेळाव्यातले माझे बोलणे अर्धे चुकीचे होते असे त्यांच्या आईसमोरच सांगितले. सांगताना जड गेले. त्यांनी ठेकेदाराला नकार कळवला. पत्रा घासून, धुवून पांढरा रंग दिला, आईच्या खोलीला तट्ट्यांचे छत घातले, दोन झरोके पाडले. गोठ्यावर पाचटाचा वीतभर थर देऊन वरून शेडनेट ताणून बांधली. विजेच्या तारेपासून आणि चुलीच्या धुराड्यापासून लांब, आणि पावसाळ्याआधी काढून खतात टाकायचे, या अटीवर मी त्याला होकार दिला. एवढे करून हप्त्यातली पुष्कळ रक्कम हातात राहिली. बुचाचा फवारा त्यांनी फक्त एका ठिकाणी मारून घ्यायचा ठरवला आहे, पावसाने भिजणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला, आणि तोही दिवाळीनंतर, भिंत पूर्ण वाळल्यावर.

परवा त्या बाजूला लागणीच्या पाहणीला गेलो होतो. दुपारचे दोन वाजले होते. आजी जाग्या होत्या. "झोप लागते का?" म्हणून विचारले. म्हणाल्या, "लागती की. आता पंख्याचं वारं गरम येत न्हाई."

ज्यांना फवारा मारूनच घ्यायचा असेल त्यांनी ठेकेदाराकडून आधी भिंतीच्या कोपऱ्यात हातभर नमुना मारून घ्यावा आणि तो एक पावसाळा पाहावा. जुना सुटा रंग आणि गंज काढल्याशिवाय बंदूक चालू देऊ नये, आणि काम चालू असताना घरचा माणूस समोर उभा पाहिजे. जाडी कबूल केल्याप्रमाणे आहे की नाही ते टाचणी टोचून मोजता येते, औषध फवारताना पाणी जास्त घातले की काय होते ते आपण जाणतोच. जोत्याची ओल असेल तर आधी जोते दुरुस्त करावे. माझ्या भिंतीवरून सुटलेला एक तुकडा आणि तीन मिलिमीटरचा एक नमुना गट ऑफिसला ठेवला आहे, येता-जाता पाहून जावा. खोडव्याच्या नोंदी ज्यांच्या राहिल्या आहेत त्यांनी त्याच फेरीत त्याही करून घ्याव्यात.